पडसें आणि शेजारधर्म

(नभोवाणीवरील भाषण)

ज्या रोगाचें नांव घेतलें असतां रोग्याची कींव कोणी करीत नाहीं, असा रोग एकच, आणि तो म्हणजे पडसें. ताप आला म्हटलें कीं घरांतील माणसें कपाळावर हात ठेवून पाहतात. खोकला पंधरा दिवस टिकला कीं क्षयाची शंका घेतात. परंतु पडसें झाल्याचें सांगितलें तर समोरचा मनुष्य हंसतो आणि स्वतःला मागल्या महिन्यांत झालेल्या पडशाची हकीकत सांगूं लागतो. औषध घेतलें तर सात दिवसांत आणि न घेतलें तर आठवड्यानें बरें होतें, ही या रोगाविषयींची थट्टा आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. अशा क्षुद्र रोगाला इतिहास तो कसला असणार, असें आपणांस वाटणें साहजिक आहे. मलाही तसेंच वाटत असे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, धंद्यानें शाळामास्तर; वैद्यकाचा माझा अभ्यास नाहीं. परंतु माझ्या घरीं घडलेल्या एका गोष्टीमुळें मीं या रोगाचा इतिहास वाचावयास घेतला, आणि तो वाचून झाल्यावर घरांतील एका माणसाची क्षमा मागणें मला भाग पडलें. ती गोष्ट आधीं सांगतों.

२०१६ सालचा हिवाळा. माझ्या निवृत्तीला तेव्हां दोन वर्षें उरलीं होतीं. वर्षभर एकही दिवस गैरहजर न राहणाऱ्या विद्यार्थ्याला स्नेहसंमेलनांत एक पुस्तक बक्षीस देण्याचा प्रघात मीं माझ्या वर्गापुरता पुष्कळ वर्षें चालविला होता. त्या वर्षीं सहावींतील एक मुलगा, नाकाडोळ्यांतून पाणी गळत असतांही, अंगाभोंवतीं शाल गुंडाळून शाळेंत आला. मीं त्याला पहिल्या बाकावर बसविलें, त्याची पाठ थोपटली, आणि 'निष्ठा म्हणतात ती ही' असें सगळ्या वर्गाला ऐकविलें. आठवड्याच्या आंत निम्मा वर्ग शिंकूं लागला आणि वर्गाबरोबर मीही. पडशाचें तें काय एवढें, असें म्हणून मी रोज शाळेंत जात राहिलों, आणि संध्याकाळीं घरीं येऊन दोन महिन्यांच्या नातीला मांडीवर घेऊन बसत राहिलों.

चार-पांच दिवसांनीं नातीचें नाक वाहूं लागलें. पुढल्या रात्रीं ती दूध ओढीना. श्वास घेतांना तिच्या बरगड्यांखालीं खळगा पडूं लागला. तिला इस्पितळांत न्यावें लागलें आणि पांच दिवस प्राणवायूची नळी लावावी लागली. ती वांचली, आज ती शाळेंत जाते. परंतु त्या पांच दिवसांत आमच्या घरांत एक न्यायनिवाडा होऊन गेला. सूनबाईनें थंडींत डोक्यावरून पाणी घेतलें, केस ओलेच ठेवले, जेवणांत दहीं घेतलें, आणि तें अंगावरच्या दुधांतून बाळाला बाधलें, असें घरांतील वडील मंडळींनीं ठरविलें. ती बिचारी खाटेशेजारीं बसून सर्व ऐकत होती. मीही तेथेंच होतों. नाकाला रुमाल लावून मी गप्प बसलों होतों. घरीं सोडतांना डॉक्टरांनीं सहज विचारलें, 'मास्तर, घरांत दुसऱ्या कोणाला पडसें झालें होतें काय?' त्या प्रश्नाचें उत्तर मला ठाऊक होतें.

पडसें येतें तरी कोठून, या प्रश्नाचा शोध मीं तेव्हांपासून घेऊं लागलों. आश्चर्य हें कीं, हा प्रश्न मनुष्यजात दोन हजार वर्षें विचारीत आली आहे आणि त्यांतील बहुतेक काळ तिनें आमच्या घरच्यासारखाच निवाडा दिलेला आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकांत पडशाला प्रतिश्याय असें नांव आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत त्याला एक स्वतंत्र अध्याय दिलेला असून, वात, पित्त, कफ, तिन्ही दोष एकत्र, आणि रक्त, असे त्याचे पांच प्रकार सांगितले आहेत. धूर, धूळ, थंडी, उन्हाचा ताप, नैसर्गिक वेग अडविणें, हीं त्याचीं कारणें. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, त्याच ग्रंथाच्या निदानस्थानांत कांहीं रोग माणसापासून माणसाला जडतात हें स्पष्टपणें सांगितलेलें आहे. अंगाला अंग लागणें, दुसऱ्याचा श्वास, सहभोजन, एक शय्या, दुसऱ्याचीं वस्त्रें, हे त्याचे मार्ग. आणि कुष्ठ, ज्वर, शोष व डोळे येणें हे नांवानिशीं सांगितलेले रोग. म्हणजे संसर्गाची कल्पना आपल्या पूर्वजांना होती. मात्र पडशाला त्यांनीं त्या पंक्तींत नांव घेऊन बसविलें नाहीं. तो दोष रोग्याच्या आहारविहाराकडेच राहिला.

ग्रीसमधील वैद्यांचें मत याहून फार निराळें नव्हतें. मेंदूंत कफ सांचतो आणि थंडीनें तो नाकावाटें खालीं उतरतो, असें ते मानीत. ही समजूत युरोपांत इतकीं शतकें टिकली कीं, नाकांतील स्राव मेंदूंतून येत नसून नाकाच्या आंतील त्वचेंतूनच पाझरतो, हें सिद्ध करावयास १६६० साल उजाडावें लागलें. जर्मनींतील विटेनबर्ग येथील प्राध्यापक श्नायडर यांनीं तें सिद्ध केलें. तरीही थंडीवरील आरोप कायमच राहिला. भाषाच त्याची साक्ष देते. इंग्रजींत या रोगाला 'कोल्ड' म्हणतात, म्हणजे थंडी. आणि आपण ज्याला सर्दी म्हणतों तो फारसी शब्दही थंडी याच अर्थाचा. रोगाचें नांवच जेथें आरोपपत्र झालें, तेथें निराळा तपास कोण करणार?

तरी तो करणारे निघाले. अमेरिकेचे मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७७३ सालीं डॉक्टर रश यांना लिहिलेल्या पत्रांत असें मत मांडलें कीं, बंद खोल्यांत व गाड्यांत माणसें दाटीनें बसून एकमेकांचा श्वास घेतात आणि त्यांतून पडसें एकापासून दुसऱ्याला लागतें. नुसत्या थंडीनें किंवा ओलाव्यानें तें होत नाहीं. १७७६ सालीं न्यू ब्रन्सविक येथील एका खाणावळींत फ्रँकलिन आणि जॉन अ‍ॅडम्स यांना एकाच लहानशा खोलींत रात्र काढावी लागली. अ‍ॅडम्स यांनीं थंड हवेच्या भीतीनें खिडकी लावली. फ्रँकलिन यांनीं ती उघडावयास सांगितली आणि पडशाविषयींचा आपला सिद्धांत अंथरुणांतून समजावून सांगण्यास आरंभ केला. अ‍ॅडम्स यांनीं आत्मचरित्रांत कबूल केलें आहे कीं, तें व्याख्यान चालू असतांच आपणांस झोंप लागली. फ्रँकलिन यांच्या सिद्धांताची जगानेंही पुढें शंभर-सव्वाशें वर्षें तीच गत केली.

विद्वानांना झोंप लागली असतां अडाणी समजली जाणारी माणसें मात्र जागीं होतीं. स्कॉटलंडच्या पश्चिमेस समुद्रांत सेंट किल्डा नांवाचें एक एकाकी बेट आहे. १६९७ सालीं तेथें गेलेल्या मार्टिन मार्टिन या प्रवाशानें नोंद केली आहे कीं, परकें गलबत येऊन गेलें म्हणजे आम्हां सर्वांना खोकला-पडसें होतें, असें ते बेटकरी सांगत. ही गोष्ट अनेक विद्वानांनीं थट्टेवारी नेली. इंग्रजी कोशकार डॉक्टर जॉन्सन त्यांपैकींच एक. १९३० सालीं त्या बेटावरील उरलेले ३६ रहिवासी मुख्य भूमीवर हलविण्यांत आले आणि बेट ओस पडलें. त्याच सुमारास, १९३०-३१ मध्यें, उत्तर ध्रुवाजवळील स्पिट्सबर्गन बेटावर कोळशाच्या खाणीच्या एका वस्तींत पॉल आणि फ्रीझ या दोघां अमेरिकन संशोधकांनीं वर्षभर पडशांची मोजदाद केली. हिवाळ्यांत समुद्र गोठून बाहेरच्या जगाशीं संबंध तुटला कीं तेथील पडसें जवळजवळ नाहींसें होई. आणि वसंतांत बर्फ वितळून पहिलें जहाज धक्क्याला लागलें कीं सारी वस्ती शिंकूं लागे. जगांतील अतिशय थंड वस्तींपैकीं एकींत, कडाक्याच्या थंडींतच पडसें नसावें, यापरता थंडीच्या निर्दोषपणाचा मोठा पुरावा कोणता?

मग आणणारा तो कोण? १९१४ सालीं लाइपझिग येथील प्राध्यापक क्रूझे यांनीं पडसें झालेल्या आपल्या एका साहाय्यकाच्या नाकांतील स्राव घेतला, त्यांत मिठाचें पाणी मिसळलें, आणि ज्यांतून साधे जंतु पार होऊं शकत नाहींत अशा बारीक गाळणीतून तो गाळला. तें गाळलेलें पाणी त्यांनीं बारा जणांच्या नाकांत घातलें; चौघांना पडसें झालें. पुढें छत्तीस विद्यार्थ्यांवर तोच प्रयोग केला. पंधरा जणांना झालें. जंतूंपेक्षांही सूक्ष्म असें कांहीं तरी एका नाकांतून दुसऱ्या नाकांत जातें, हें त्यावरून दिसलें. आज आपण त्याला विषाणु म्हणतों. पण तो डोळ्यांना दिसत नव्हता, प्रयोगशाळेंत वाढत नव्हता, आणि नेहमींच्या प्रयोगांतील प्राण्यांना लागत नव्हता. न्यूयॉर्कच्या डोशे यांना तो चिंपांझी माकडांना लागतो असें आढळलें. परंतु तें माकड फार महाग. तेव्हां उरला एकच प्राणी, मनुष्य.

येथून पुढें या इतिहासाचा मुख्य रंगमंच इंग्लंडांतील सॅलिसबरी हें गांव होय. दुसऱ्या महायुद्धांत, सांथी पसरतील या भीतीनें, अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें व रेड क्रॉस संस्थेनें तेथें लांकडी बराकींचें एक इस्पितळ उभें करून दिलें होतें. युद्ध संपल्यावर १९४६ सालीं ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळानें त्याच बराकींत पडशाच्या संशोधनाचें केंद्र उघडलें. प्रमुख होते क्रिस्टोफर अँड्र्यूज. १९३३ सालीं इन्फ्लुएंझाचा विषाणु शोधून काढणाऱ्या तिघांपैकीं हे एक. निरोगी स्त्रीपुरुषांनीं दहा दिवस तेथें येऊन राहावें, नाकांत थेंब घालून घ्यावे, आणि काय होतें तें पाहूं द्यावें, असें आवाहन त्यांनीं केलें. जाण्यायेण्याचें भाडें, जेवणखाण, राहणें व किरकोळ खर्चाचे थोडे पैसे केंद्राचे. लोकांनीं याला फुकटची सुटी मानलें. कित्येक पुन्हापुन्हा आले. कांहीं नवविवाहित जोडप्यांनीं तर लग्नानंतरची सहल तेथेंच काढली. दोन-दोन, तीन-तीन माणसें एकेका बिऱ्हाडांत राहत. बाहेर फिरावयास मोकळीक असे, मात्र इतर माणसांपासून तीस फूट दूर. जेवण उष्ण राखणाऱ्या भांड्यांतून दाराशीं ठेवलें जाई. कोणाच्या नाकांत विषाणु घातला आणि कोणाच्या नाकांत नुसतें पाणी, हें त्या माणसाला ठाऊक नसे आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसे. पडसें किती झालें हें ठरविण्यासाठीं वापरलेले कागदी रुमालसुद्धां मोजीत. अशा रीतीनें चव्वेचाळीस वर्षांत हजारों माणसांनीं आपलीं नाकें विज्ञानाला वाहिलीं.

माझ्या दृष्टीनें तेथील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग अगदीं आरंभींचा आहे. सहा-सहा जणांचे तीन गट केले. एकाच्या नाकांत विषाणूचे थेंब घातले. दुसऱ्याला ऊन पाण्यानें स्नान घालून, अंग न पुसतां, ओल्या कपड्यांनिशीं वाऱ्याच्या झोतांत अर्धा तास, अगर सोसवेल तितका वेळ, उभें केलें, आणि नंतर ओले पायमोजे घालून बसविलें. तिसऱ्या गटाला दोन्ही शिक्षा. निकाल काय लागला? नुसत्या गारठलेल्या गटांत एकालाही पडसें झालें नाहीं. गारठ्यानें विषाणूचें काम सोपें होतें काय, याचें उत्तर एका वेळीं होय असें आलें आणि दुसऱ्या वेळीं नाहीं असें. हा निकाल वाचला त्या दिवशीं इस्पितळांतील खाटेशेजारीं बसलेली आमची सूनबाई माझ्या डोळ्यांपुढें उभी राहिली.

तरीही सत्यासाठीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. २००५ सालीं वेल्समधील कार्डिफ येथें नव्वद माणसांचे पाय वीस मिनिटें थंड पाण्यांत बुडवून ठेवले, आणि दुसऱ्या नव्वदांचे रिकाम्या पात्रांत. पुढल्या चार-पांच दिवसांत पहिल्यांपैकीं तेरा जणांनीं पडसें झाल्याचें सांगितलें, दुसऱ्यांपैकीं पांचांनीं. दहा वर्षांनीं येल विद्यापीठांत असें दिसलें कीं, नाक थोडें गार असलें म्हणजे पेशींची प्रतिकारशक्ति मंदावते आणि विषाणूची वाढ अधिक होते. तेव्हां आजीबाई अगदींच चुकत होत्या असें नव्हे. घरांत आधींच शिरून बसलेल्या चोराला गारठा कदाचित् हात देत असेल. पण चोर घरांत आणून सोडतो तो दुसरा मनुष्य.

तो चोर प्रयोगशाळेंत सांपडला १९५६ च्या सुमारास, अमेरिकेंत. १९६० सालीं सॅलिसबरीच्या डेव्हिड टायरेल यांनीं त्याला वाढविण्याची युक्ति काढली: शरीराच्या उष्णतेपेक्षां कमी, नाकाच्या आंतील उष्णतेइतकी, म्हणजे ३३ अंश सेल्सियस, उष्णता त्याला द्यावयाची. त्याच वर्षीं सरे परगण्यांतील एका वसतिशाळेंतील पडसें झालेल्या मुलाच्या नाकांतला स्राव केंद्राकडे आला होता. त्यांतील विषाणु कांहीं केल्या वाढेना; शेवटीं माणसाच्या श्वासनलिकेच्या तुकड्यांवर तो वाढला, आणि १९६५ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध झाली. ग्लासगोच्या एका बसचालकाची मुलगी, सोळाव्या वर्षीं शाळा सोडावी लागलेली जून अल्मेडा, हिनें विद्युत्-सूक्ष्मदर्शकाखालीं त्याचें चित्र घेतलें. भोंवतीं प्रभावळ असलेल्या त्या विषाणूला १९६८ सालीं नांव मिळालें कोरोना. एका शाळकरी मुलाच्या पडशांतून ओळख झालेलें हें घराणें पुढें २०२० सालीं साऱ्या जगाला दारें लावून बसावयास लावील, असें तेव्हां कोणाच्या स्वप्नांतही नव्हतें. माझ्या नातीला जो आजार झाला तसा आजार तान्ह्या मुलांना बहुधा ज्या विषाणूनें होतो, तोही १९५६ सालीं पडसें झालेल्या चिंपांझींतच प्रथम सांपडला आणि पुढच्या वर्षीं आजारी बालकांत. मोठ्या माणसाला तो दोन दिवस शिंकावयास लावतो. दोन महिन्यांच्या बाळाचा तो श्वास कोंडतो.

चोर सांपडला, मग त्याला जेरबंद कां केलें नाहीं? कारण चोर एक नाहीं. पडसें आणणारे विषाणु आज दोनशेंच्या वर मोजले जातात. त्यांतील एकट्या ऱ्हायनो नांवाच्या घराण्याच्या जाती दीडशेंहून अधिक. एकाची लस दुसऱ्याला चालत नाहीं. म्हणून देवीचा रोग ज्या उपायानें गेला तो येथें लागू पडला नाहीं.

औषधांची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. १९४३ सालीं इंग्लंडांत पॅट्युलिन नांवाच्या बुरशीजन्य द्रव्यानें पडसें बरें होतें अशी वार्ता उठली. पेनिसिलीनचा बोलबाला नुकताच झालेला. लोकांना वाटलें, ही त्याचीच बहीण. वैद्यकीय संशोधन मंडळानें कारखान्यांतील व कचेऱ्यांतील हजाराहून अधिक पडसेकऱ्यांना, कोणाला खरें औषध व कोणाला खोटें हें गुप्त ठेवून, तें दिलें. दोन्हींकडील माणसें सारख्याच वेळांत बरीं झालीं. मग पित्तावर व शिंकांवर देण्याच्या नव्या गोळ्यांचा गाजावाजा झाला. १९५० सालीं त्यांचीही तशीच परीक्षा झाली आणि पडशापुरता तो फुगाही फुटला. १९७० सालीं नोबेल पारितोषिक मिळविलेले लायनस पॉलिंग यांनीं क जीवनसत्त्वावर पुस्तक लिहिलें. पुढील परीक्षांवरून असें दिसतें कीं, रोज तें घेतल्यानें सामान्य माणसाचें पडसें टळत नाहीं, फार तर थोड्या तासांनीं लवकर उतरतें. १९७०-८० च्या दशकांत इंटरफेरॉन हें शरीरांतीलच द्रव्य मोठ्या प्रमाणांत नाकांत फवारून पडसें अडवितां येतें असें दिसलें. परंतु नाकाची आग होऊं लागली, रक्त येऊं लागलें, म्हणजे औषधाचेंच पडसें झालें. प्रतिजैविकें विषाणूंवर चालतच नाहींत. सॅलिसबरीचें केंद्र १९९० सालीं बंद झालें. एकही रामबाण औषध त्यानें दिलें नाहीं. परंतु रामबाण म्हणविणाऱ्या कित्येक औषधांचे बुरखे त्यानें फाडले, आणि माझ्या मतें हें उपकार लहान नव्हेत.

लहान नव्हेत असें म्हणतों, कारण तो धडा न शिकल्याची किंमत मुलांनीं मोजली आहे. २०२२ सालीं आफ्रिकेंतील गांबिया देशांत खोकल्या-पडशाचें पातळ औषध पिऊन साठांहून अधिक मुलें मेलीं. २०२५ सालीं सप्टेंबर-ऑक्टोबरांत आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यांत तोच प्रकार घडला आणि वीसांहून अधिक बालकें दगावलीं. त्यांपैकीं कित्येकांना उपचारासाठीं नागपुरास आणलें होतें. दोन्हीं ठिकाणीं औषधांत डायएथिलीन ग्लायकॉल हें मूत्रपिंडें निकामी करणारें विष आढळलें. त्या मुलांना मुळांत झालें होतें काय? खोकला, पडसें, थोडा ताप. न देतां चालण्यासारखें जें औषध, त्यानें तीं गेलीं. डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारच्या औषध नियंत्रकांनीं पडशाच्या एका प्रचलित जोडऔषधाच्या बाटलीवर, चार वर्षांखालील मुलांना देऊं नये, अशी सूचना छापण्याचा आदेश दिला. आणि छिंदवाड्याच्या घटनेनंतर, दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-पडशाचीं औषधें देऊंच नयेत, व पांच वर्षांखालीं तीं सहसा योग्य नव्हेत, असें सरकारी आरोग्यखात्यानें जाहीर केलें. पालकांनीं डॉक्टरपाशीं बाटलीचा हट्ट धरूं नये, एवढें तरी आपल्या हातांत आहे.

मग करावयाचें काय? विश्रांति घ्यावी. ऊन ऊन पेय घ्यावें. आल्याचा किंवा गवती चहाचा काढा रोग घालवीत नाहीं, पण घशाला व जिवाला आराम देतो, हें कार्डिफच्या संशोधकांनींही ऊन सरबत पाजून पाहिलें आहे. वर्ष उलटलेल्या मुलाला रात्रीं चमचाभर मध दिल्यानें खोकला कमी होतो. वर्षाच्या आंतील बाळाला मात्र मध मुळींच चाटवूं नये, त्यांतून एक भयंकर विषबाधा होऊं शकते. बाळाचें नाक चोंदलें तर मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब पुरतात. उकळत्या पाण्याच्या भांड्यापाशीं लहान मुलांना वाफारा घ्यावयास बसवूं नये. भाजण्याचे प्रसंग येतात. आणि बाळ भराभरा श्वास घेऊं लागलें, बरगड्यांखालीं खळगा पडूं लागला, दूध ओढीनासें झालें, तर घरगुती उपायांत एक तासही न दवडतां डॉक्टर गांठावा.

आतां प्रतिबंध. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील व्हर्जिनिया विद्यापीठांत असें दाखविण्यांत आलें कीं, पडसेकऱ्याच्या हाताला लागलेला विषाणु दुसऱ्याच्या हातावर जातो आणि तो मनुष्य आपल्याच बोटांनीं तो नाकाडोळ्यांस लावून घेतो. १९८७ सालीं विस्कॉन्सिन येथें याच्या उलट बाजू पाहिली. पडसेकऱ्यांबरोबर निरोगी माणसांना तासन् तास पत्ते खेळावयास बसविलें, आणि निम्म्यांचे हात तोंडापर्यंत पोंचूंच नयेत अशी व्यवस्था केली. तरी त्यांनाही पडसें लागलें. म्हणजे वाट दोहोंकडून आहे, हातानें आणि श्वासानें. म्हणून साबणानें हात धुणें, शिंकतांना तोंडावर रुमाल अगर कोपर धरणें, खिडकी उघडी ठेवणें, आणि पडसें झालेल्यानें तान्ह्या बाळापासून, वृद्धांपासून व दमेकऱ्यांपासून दूर राहणें, हा सारा उपाय. यांत विकत घेण्यासारखें साबणावांचून कांहीं नाहीं. कदाचित् म्हणूनच तो आपल्याला औषध वाटत नाहीं.

श्रोतेहो, या दीर्घ इतिहासांतून मला एकच गोष्ट दिसते. मनुष्यानें पडशाचें कारण स्वतःच्या आंगणांत शोधलें, आकाशांत शोधलें, दह्याच्या वाटींत शोधलें, आणि उपाय बाटलींत शोधला. कारण निघालें शेजाऱ्यापाशीं, आणि उपायही शेजारधर्मांतच निघाला. आपलें पडसें आपल्यापाशीं ठेवणें, हें दुसऱ्यावर केलेलें औषधच होय. सेंट किल्डाच्या बेटकऱ्यांना जें अनुभवानें कळलें होतें तें कळावयास आम्हांला अडीचशें वर्षें आणि हजारों नाकें लागलीं.

निवृत्त होण्यापूर्वींच्या शेवटच्या वर्षीं मीं वर्गांतील हजेरीचें बक्षीस बंद केलें. त्याऐवजीं पडसें-ताप आला असतां घरीं राहून, मागाहून चुकलेला अभ्यास आपण होऊन पुरा करणाऱ्या मुलांना पुस्तकें दिलीं. कांहीं सहकाऱ्यांना हें शिस्तीच्या विरुद्ध वाटलें. मीं वाद घातला नाहीं.

सूनबाईची क्षमा मागावयास मात्र मला त्याहून अधिक वेळ लागला. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला, सारीं वडील मंडळी जमलीं असतां, मीं सांगितलें कीं बाळाचें तें पडसें ना ओल्या केसांचें होतें, ना दह्याचें. तें मीं शाळेंतून आणलें होतें. न्यायालयांत तें सिद्ध करतां येणार नाहीं, पण मला स्वतःला त्याविषयीं शंका नाहीं. क्षणभर कोणी कांहीं बोललें नाहीं. मग सूनबाई म्हणाली, 'बाबा, जेवायला बसा, दहीभात केला आहे.'